शिलाई मशीन खरेदी समिती, धुरीवाडा

हायस्कूलच्या ऑफिसात भाऊसाहेब फर्नांडिस अडतीस वर्षं होते, त्यातली शेवटची पंधरा हेडक्लार्क म्हणून. त्या काळात तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय शाळेत खडूसुद्धा आला नाही. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसची किल्ली त्यांनी परत केली, पण सवय परत करायची राहिली. घरात प्रेशर कुकर घ्यायचा झाला तेव्हाही त्यांनी तीन दुकानांतून लेखी भाव आणले, आणि कुकर येईपर्यंत त्यांच्या बायकोने, पिएदादबाईंनी, सव्वा महिना टोपातच भात शिजवला. कुकर मात्र चांगला निघाला. भाऊसाहेब तेवढंच लक्षात ठेवतात.

तर या भाऊसाहेबांनी, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव पायस, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरात शिलाई मशीन घ्यायचं ठरवलं.

त्यामागे कारण होतं. त्यांच्या मुलीचं, स्टेलाचं, लग्न जानेवारीत ठरलं होतं. त्यांच्या समाजात नवरीसाठी लाल पोशाख शिवतात, त्याला सादो म्हणतात. सादोचं कापड बाजारात नेऊन टाकायचं नसतं. शिंप्याला मानाने नवरीच्या घरी बोलवायचं, चार माणसं जमवायची, आणि त्याने पहिली कात्री चालवली की अंगणात फटाके लावायचे. ते लाल सॅटिन मांडीवर घेऊन पिएदादबाई एकदा म्हणाल्या होत्या, "आपल्या घरात मशीन असता तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्या कालवण ढवळायला गेल्या.

हे अर्धं वाक्य भाऊसाहेबांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. कारण त्याचा पहिला अर्धा भाग बत्तीस वर्षांपूर्वी बोलून झाला होता. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा पिएदादबाईंनी विचारलं होतं, "माका एक मशीन घेशात? कॉन्व्हेंटात सिस्टरांकडे मी शिवूक शिकलंय." त्यावर तरुण भाऊसाहेब म्हणाले होते, "हायस्कुलाच्या क्लार्काची बायल लोकांची पोलकी शिवता म्हटल्यार लोक काय म्हणतले? बगूया मगे." त्यानंतर पिएदादबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. ऑफिसात एकही अर्ज तीन महिन्यांहून जास्त पडून राहू न देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात एक अर्ज बत्तीस वर्षं पडून होता, आणि आता मुलगी निघाली होती. भाऊसाहेबांना मनापासून लाज वाटली. सादो आपल्या घरात, आपल्या मशीनवर शिवला गेला पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पिएदादबाई आमंत्रणं करायला आठ दिवस माहेरी, आरोंद्याला गेल्या आणि भाऊसाहेबांनी संधी साधली. मशीन त्यांना अचानक द्यायचं होतं. साधा माणूस अशा वेळी दुकानात गेला असता. भाऊसाहेबांनी समिती नेमली.

अध्यक्ष अर्थातच ते स्वतः. सदस्य दोन. एक शेजारचा मेहबूब, ज्याने वीस वर्षं आखातातल्या बोटींवर इंजिनरूममध्ये काढली होती आणि जगातली कुठलीही गोष्ट उघडल्यावर कळते असं ज्याचं मत होतं. दुसरे गुरुप्रसाद गुरुजी, हायस्कूलचे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांचं मत होतं की गोष्ट उघडायची गरजच नाही, तत्त्व कळलं की झालं. तिघांपैकी एकालाही सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण खरेदी समितीत वापरणारं माणूस असावं असा नियम भाऊसाहेबांच्या पाहण्यात कधी आला नव्हता, त्यामुळे ही उणीव कुणाच्या ध्यानात आली नाही.

पहिली सभा मेहबूबच्या पडवीत झाली. मेहबूबची बायको बदरुन्निसा चहा घेऊन आली आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

"पायसभाऊ, पिएदादीक विचारलात काय, तिका खंयचा मशीन व्हया ता?"

"भाभी, विचारला तर सरप्राइज खंय रवला?"

"मगे माका तरी विचारा."

"तुमका कित्याक त्रास?" भाऊसाहेब सौजन्याने म्हणाले.

बदरुन्निसाने तिघांकडे एकदा पाहिलं, पदराआड हसली आणि आत गेली. पडवीच्या कोपऱ्यात भरतकामाच्या कापडाखाली तिचं जुनं, काळं, पायाचं मशीन उभं होतं. गुरुजींनी रिकामी बशी त्याच्यावरच ठेवली.

सभेत ठरलं की मशीनला टाका कसा हवा याचा एक मान्य नमुना समितीपुढे असावा. भाऊसाहेब घरी गेले आणि आपला फिका निळा शर्ट घेऊन आले. बाजारातल्या गणपत शिंप्याने शिवलेला. "बारा वर्सां झाली," ते शर्ट उलटा करून दाखवत म्हणाले, "एक टाको सुटाक नाय. आणि ह्यो खिसो बगा. कोपऱ्यात कसो बारीक त्रिकोण मारलेलो आसा. गणपताच्या हाताक तोड नाय." हे वाक्य ते गेली पंचवीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले होते. शर्टाला खडूने क्रमांक एक असा आकडा घालण्यात आला.

दुसऱ्या दिवसापासून दरपत्रकं सुरू झाली. कणकवलीच्या दुकानदाराने भाव कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिला. कुडाळच्याने लिफाफा मागताच "तुमची संस्था खंयची?" असं विचारलं, आणि घरासाठी हवं आहे म्हटल्यावर तो इतका हसला की गल्ल्यावरच्या दुसऱ्या माणसाला पाणी आणावं लागलं; भाव मात्र त्याने लिहून दिला. तिसऱ्याने मोबाइलवर फोटो पाठवला. भाऊसाहेबांनी फोटोची प्रत काढून ती पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, आणि समितीसमोर स्वतःच फोडलं.

वाडीला वास लागायला वेळ लागला नाही. मासे विकणारी हौसाबाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "भाऊसायबानु, मोटारीचा घेव नकात. करंट जाता आणि बाई बसता तोंड बगीत." पायाचं घेतलं तर गुडघे जातात, हाताचं घेतलं तर एक हात अडकतो, जड घेतलं तर हलत नाही, हलकं घेतलं तर टेबलावरून चालत जातं, असंही वेगवेगळ्या दारांतून कळलं. भाऊसाहेबांनी सगळ्या सूचना लिहून घेतल्या. त्या एकत्र वाचल्यावर जगात शिलाई मशीन या वस्तूचा शोधच लागायला नको होता असा निष्कर्ष निघत होता.

शेवटी तांत्रिक मतासाठी ते बाजारात गणपतकडे गेले. सादोच्या कापणीचं निमंत्रणही करायचं होतंच. नाताळानंतरचा रविवार ठरला होता. गणपतने निमंत्रण आनंदाने घेतलं. मग भाऊसाहेबांनी मशीनचं सांगितलं.

गणपतच्या हातातली कात्री थांबली. "मशीन? कोणासाठी?"

"पिएदादीसाठी. घरात."

"घरात कित्याक व्हया मशीन?" गणपतचा आवाज बदलला होता. "इतकी वर्सां काय अडला होता काय?"

"अडूक नाय. पण तिची इच्छा..."

"मगे सादो पण तुमच्याच मशीनीर करा," गणपतने कापडावरचा खडू फुंकला. "मी येवचंय नाय. दुसरो शिंपी बगा."

भाऊसाहेब दुकानाच्या पायरीवर उभेच राहिले. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी असं दारातून परत पाठवलं नव्हतं, अगदी शिक्षणाधिकाऱ्यांनीही बसा म्हटलं होतं. आपलं काय चुकलं हे त्यांना कळेना. संध्याकाळी स्टेला घरी आली तेव्हा तिला ते आधीच कळलेलं होतं, आणि तिचे डोळे भरले होते.

"पप्पा, माजो सादो कोण कापतलो? मालवणात तेच्यासारखो दुसरो कोण आसा?"

भाऊसाहेबांनी मशीनवर जास्तच जोर दिला. माणूस एका बाजूने हरला की दुसऱ्या बाजूचं कपाट आवरायला घेतो, तसंच काहीसं ते होतं.

तुलनात्मक तक्ता तयार झाला. वजन, आवाज, हमी, रंग आणि टाक्यांचे प्रकार अशा रकान्यांत गुण देण्यात आले. साठ प्रकारचे टाके मारणारं, बटणांचं, पांढरंशुभ्र मशीन बाकीच्यांना पार मागे टाकून गेलं, कारण टाक्यांच्या रकान्यात गुरुजींनी प्रत्येक प्रकाराला एक गुण दिला होता. त्यात बदकांची रांग शिवता येत होती. सादोवर बदकं कोण शिवणार हा प्रश्न सभेत उपस्थित झाला नाही.

बुधवारी मशीन कुडाळहून रिक्षाने आलं आणि टेबलावर बसलं. माहितीपुस्तिका सहा भाषांत होती, त्यांत मराठी नव्हती. गुरुजींनी चित्रांवरून तत्त्व समजून घेतलं. वीस मिनिटांच्या प्रयत्नानंतर मेहबूबने जिभेचं टोक बाहेर काढून सुईत दोरा घातला. भाऊसाहेबांनी खिडकीचा नवा पडदा सुईखाली सरकवला आणि बटण दाबलं. मशीन मांजरासारखं गुरगुरलं आणि पडद्यावर सरळ, देखणी शिवण उमटत गेली. सव्वा मीटर. मध्ये हौसेखातर चार बदकंही झाली.

"क्रमांक एकाच्या तोडीचा," भाऊसाहेब गहिवरून म्हणाले, आणि पडदा उंच धरला. पडदा सुटला. शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतासारखी निघत आली, बदकांसकट, आणि दोरा जमिनीवर पडला.

पुन्हा शिवलं, पुन्हा सुटलं. सुईच्या खाली, मशीनच्या पोटात आणखी एक छोटं रीळ असतं, त्यालाही दोरा लागतो, त्याशिवाय टाका बसत नाही, ही गोष्ट शिवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. समितीला नव्हती. मेहबूबने आपलं मत मांडलं, की उघडल्यावर कळेल. मशीन उघडलं. काही कळलं नाही. परत मिटलं तेव्हा एक स्क्रू उरला.

भाऊसाहेबांनी कुडाळला फोन केला. मशीन परत करायचं म्हटल्यावर पलीकडचा माणूस एकदम प्रमाण मराठीत शिरला. "साहेब, बॉक्स फोडलेला माल परत घेतला जात नाही. दुरुस्तीसाठी द्यायचं असेल तर लेखी अर्ज लागेल, मूळ बिल लागेल आणि आतला थर्माकोल लागेल."

"थर्माकोल कशाला?"

"नियम आहे, साहेब. अर्ज तीन प्रतींत."

थर्माकोल गुरुजींनी ताऱ्यांसाठी कापून नेला होता. नाताळ जवळ आला होता ना. भाऊसाहेबांनी फोन ठेवला. तीन प्रती हे शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवले होते. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे त्यांना साठाव्या वर्षी समजलं.

पिएदादबाई शनिवारी दुपारी आरोंद्याहून आल्या तेव्हा पुढच्या खोलीत पडदा जमिनीवर पडलेला होता, टेबलावर पांढरं मशीन आडवं झोपलं होतं, आणि समिती त्याच्याभोवती मयताला बसावं तशी बसली होती. बदरुन्निसाही मधल्या दगडी गडग्यापलीकडून चाहूल घेऊन दारात येऊन उभी राहिली. भाऊसाहेबांनी मनाशी पाठ केलेलं भाषण होतं. ते सगळं विसरून ते म्हणाले, "तुझ्यासाठी हाडलंय. पण ता मोडला."

पिएदादबाईंनी पिशवी ठेवली. मशीन सरळ केलं. उरलेला स्क्रू उचलून जिथला होता तिथे बसवला. खालचं रीळ काढून पाहिलं, "रिकामा," एवढंच म्हणाल्या, त्यावर दोरा भरला, वरचा दोरा डोळे मिटून ओवावा तसा ओवला, आणि गुरुजींच्या खिशातला रुमाल मागून घेतला. रुमालाची एक बाजू दुमडून त्या शिवत गेल्या. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी कापड फिरवलं, परत फिरवलं, आणि तिथे एक बारीक त्रिकोण झाला.

भाऊसाहेब तो त्रिकोण पाहत राहिले. अडतीस वर्षं त्यांनी सह्या ताडून पाहिल्या होत्या. एक हात एकदा ओळखला की तो माणूस कुठेही, कितीही घाईत सही करो, त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ते उठले, खुर्चीवरचा क्रमांक एकचा निळा शर्ट त्यांनी आणला आणि त्याचा खिसा रुमालाशेजारी धरला.

"ह्यो शर्ट..." ते म्हणाले.

"गणपतान कापलो," दारातून बदरुन्निसा म्हणाली. "शिवलो हिना. माज्या पडवीत, माज्या मशीनीर. सत्तावीस वर्सां झाली, रोज तीन ते पाच. तेचे बरे शर्ट सगळे हीच शिवता."

तीन ते पाच पिएदादबाई शेजारी गप्पा मारायला जातात अशी भाऊसाहेबांची समजूत होती. एकदा तर, रोज रोज काय एवढ्या गप्पा, म्हणून त्यांनी टोकलंही होतं. आता त्यांना एकेक आठवू लागलं. पाहुणे आले की ते कॉलर पुढे करून गणपतच्या हाताची तारीफ करत, आणि पिएदादबाई शेजारी उभ्या राहून कपात चहा ओतत असत. प्रत्येक वेळी.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी म्हटल्यात, लोक काय म्हणतले," पिएदादबाई रुमालाची घडी करत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्तच कठीण होतं. "लोकांका ठावक होताच. अख्ख्या वाडयेक ठावक आसा. तुमकाच तेवढा नाय होता."

भाऊसाहेबांनी मेहबूबकडे पाहिलं. मेहबूब छताकडे पाहत होता. गुरुजींनी रुमाल खिशात घातला आणि त्यांना एकाएकी घरचं काम आठवलं.

गणपतचा रागही आता उलगडला. पिएदादबाईंकडे स्वतःचं मशीन आलं की त्या स्वतःची गिऱ्हाइकं धरणार, आणि आपलं दुकान बसणार, ही त्याची धास्ती होती. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाल्यावर भाऊसाहेब पिएदादबाईंना घेऊन थेट त्याच्याकडे गेले. यावेळी ते पायरीवर उभे राहिले नाहीत, आत जाऊन बाकावर बसले.

"गणपता, माका पंचवीस वर्सां फसवलंस."

"भाऊसायब, मी तुमका कधी खोटा सांगलंय?" गणपत खाली मान घालून म्हणाला. "तुमी विचारल्यातच नाय. तुमी नुसती तारीफ करी होतात, आणि माका ती आवडा होती."

यावर भाऊसाहेबांना हसू आलं. पिएदादबाईंनी त्याला सांगितलं की मशीन आलं तरी त्याचे शर्ट त्याच शिवतील, फक्त आता शर्टावर त्यांचंही नाव लोकांना सांगायचं. गणपतने डोळे पुसले आणि सादोची कात्री धार लावायला काढली.

नाताळानंतरच्या रविवारी अंगण भरलं. गोव्याहून नवऱ्यामुलाकडची मंडळी आली होती. गणपत धुतलेल्या शर्टात, मानाच्या खुर्चीवर बसला. त्याने लाल सॅटिनवर पहिली कात्री चालवली आणि मेहबूबने अंगणात फटाक्यांची माळ लावली. पिएदादबाई पांढऱ्या मशीनसमोर बसल्या, कापड सुईखाली सरकवलं, बटण दाबलं, आणि लाइट गेली. गर्दीतून हौसाबाईचा आवाज आला, "मी सांगी होतंय." तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

भाऊसाहेब आणि मेहबूब एकमेकांकडे पाहून निघाले. दोघांनी बदरुन्निसाच्या पडवीतलं काळं मशीन उचललं, वाटेत दोनदा टेकवलं, एकदा मेहबूबच्या पायावर टेकवलं, आणि गडग्यावरून अलीकडे आणलं. पिएदादबाईंचा पाय मशीनखालच्या पट्टीवर पडला आणि चाक फिरू लागलं. खिडकीच्या उजेडात ती लाल शिवण सरकत होती. स्टेला आईच्या खांद्याला लागून उभी होती आणि तिला रडावं की हसावं ते कळत नव्हतं.

नवऱ्याच्या मावशीने जवळ जाऊन ती शिवण बोटाने चाचपली. "किती बारीक हात," ती भाऊसाहेबांना म्हणाली. "ही शिवणारी बाई खंयची?"

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. वाडीतल्या प्रत्येक माणसाला भाऊसाहेबांचा स्वभाव माहीत होता. पिएदादबाईंचा पायही क्षणभर थांबला.

"हंयचीच," भाऊसाहेब म्हणाले. "ती माजी बायल. गावाचे कपडे शिवता." मग त्यांनी कोट बाजूला सारून निळ्या शर्टाचा खिसा पुढे केला, ज्यावर खडूचा एक आकडा अजून पुसट दिसत होता. "ह्यो पण तिनाच शिवलो. कोपरो बगा."

चाक पुन्हा फिरू लागलं.

लग्न झालं, स्टेला सासरी गेली, घर रिकामं वाटू लागलं. भाऊसाहेबांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच पिएदादबाईंना विचारलं की त्यांना कुठलं मशीन हवं. त्यांना काळं हवं होतं. बदरुन्निसाच्या गुडघ्यांना आता पट्टी झेपत नव्हती, आणि तिची नात तुबा बदकांवर फिदा झाली होती, म्हणून पांढरं पलीकडे गेलं आणि काळं अलीकडे राहिलं. तीन ते पाच आता बदरुन्निसा इकडे येते. भाऊसाहेब चहा करतात आणि कुणी बोलावल्याशिवाय मध्ये बोलत नाहीत.

फेब्रुवारीत एका दुपारी ते काखेत एक पाटी घेऊन आले. स्वतः रंगवली होती, हजेरीपटाच्या टपोऱ्या अक्षरात: पिएदाद फर्नांडिस, येथे कपडे शिवून मिळतील. एकही दरपत्रक न मागवता आणलेली ती त्यांची पहिली वस्तू.

"पडवीर लावया?" त्यांनी विचारलं.

पिएदादबाईंनी दातात धरलेला दोरा तोडला. चष्म्यावरून पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बगूया," त्या म्हणाल्या, आणि पुढची बाही सुईखाली सरकवली.

भाऊसाहेबांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि खालच्या पायरीवर बसले. बत्तीस वर्षं थांबायची त्यांची तयारी होती, फक्त तेवढी मुदत वरून मंजूर व्हायला हवी होती.